वर जाईल ते इस्त्री करून

४ जानेवारी

धाकटे,

मी मेलेली नाही, तेव्हा पाकीट बघून घाबरू नकोस. पत्राला कारण आहे, पण ते शेवटी लिहीन. आधी लिहिलं तर तू पुढचं वाचणार नाहीस.

फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस. पत्र तसं ठेवता येत नाही, फार तर फाडशील. फाडायचंच तर वाचून फाड. मी चौथीत शाळा सोडलेली बाई आहे, एवढं लिहायला माझी अख्खी दुपार जाते.

लाँड्री चालू आहे. नवं मशीन घेतलंय. तुझ्या आत्यासारखं आहे, काम कमी आणि थरथर जास्त. जावई धुलाई बघतात, मी इस्त्रीवर. माझे डोळे चांगले आहेत. गुडघ्यांचं विचारू नकोस. विचारणार नाहीसच म्हणा. थोरलीची चिमणी शाळेत जायला लागली. तू गेलीस तेव्हा ती अंगठा चोखत होती, आता प्रश्न विचारते. अंगठा बरा होता.

थोरली ठीक आहे. केस कापलेत तिने, बारीकच कापलेत. हल्ली वरच्या खोलीत असते, खाली गिऱ्हाइकांत येत नाही. जरा थकते. बाकी ठीक.

तुम्हा बहिणींचं जे झालं त्यात मी पडत नाही. तुझे बाबा गेले त्या दिवशी तुझी गाडी उशिरा पोचली, ती काही तू ढकलत आणली नव्हतीस. थोरलीने चार माणसांत “या दारात पुन्हा पाय ठेवू नकोस” म्हणायला नको होतं. आणि तू तिला उलट जे बोललीस तेही मी ऐकलंय. एकाच ताग्यातलं कापड दोघी. चुरगळायचं तर एकाच जागी.

आता कारण. तुझा रक्तगट काय गं? तुझा आणि थोरलीचा एकच ना? सहज विचारलं.

तुझी आई
(त्याला तुझा इलाज नाही)


२० जानेवारी

धाकटे,

उत्तर नाही. मी वाटही बघत नव्हते. पण “सहज” हे खोटं होतं. मी सहज काही विचारत नाही, हे तू घरात वाढलीस तेव्हा तुला कळलेलंच आहे.

थोरलीला रक्ताचा कॅन्सर झालाय.

लिहून टाकलं. तोंडाने मी अजून हा शब्द काढलेला नाही. गिऱ्हाइकांना सांगते, अशक्तपणा आहे.

आधी हातावर निळे डाग दिसायला लागले. मी म्हटलं, गाठोडी उचलून पडले असतील. मग दात घासताना रक्त. मग जिना चढताना ती मध्येच बसली आणि म्हणाली, “आई, पुढच्या पायऱ्या कुणीतरी लांब नेल्यात.” तिथून जे इस्पितळ लागलं ते लागलं. सलाइनमधून औषध घालतात, दिवसेंदिवस. केस कापले असं मी लिहिलं होतं. कापले नाहीत, गेले. एका सकाळी उशीच्या अभ्र्यावर एवढे निघाले की ती बघत बसली. ती रडली, मी अभ्रा बदलला. कुणीतरी अभ्रा बदलायला लागतोच.

आता मधल्या सुट्टीसाठी घरी सोडलंय, पण नियम ढीगभर. फुलं नाहीत, कच्चं काही नाही, पाहुणे नाहीत. इस्पितळातली सिस्टर मला म्हणाली, “आजी, त्यांच्या अंगात आता जंतूंशी भांडायला कुणी उरलेलं नाही.” मी म्हटलं, “मी आहे ना.” ती हसली. मी हसले नव्हते.

जंतू गरमीने मरतात, एवढं मला कळतं. आणि गरमी माझ्या हातात आहे. म्हणून मी कायदा केलाय, वर जाईल ते इस्त्री करून जाईल. चादरी, टॉवेल, वर्तमानपत्र, चिमणीने काढलेली चित्रं, सगळं. जावयांनी एकदा मोजे तसेच वर नेले, तर अर्ध्या जिन्यातून परत बोलावले. ते म्हणाले, “आई, माझ्यावरही एकदा फिरवून घ्या.” मी म्हटलं, “चुण्या फार आहेत, दिवस जाईल.” थोरली वरून हसली. किती दिवसांनी हसली ते मला आठवेना.

ती देवाची प्रार्थना करते, चिमणीला मांडीवर घेऊन. चिमणी म्हणते, “देवा, आईला केस दे, पण या वेळी कुरळे दे.” थोरलीचा विश्वास पक्का आहे. माझी त्याच्याशी ओळखीपुरती ओळख. सकाळी इस्त्री तापेपर्यंत तसबिरीपुढे उभी राहते, तापली की निरोप घेते. हल्ली मी इस्त्री उशिरा लावते.

आता खरं कारण. औषधांनी आजार मागे सरकलाय, पण तो परत येणार, असं मोठे डॉक्टर म्हणाले. येण्याआधी तिच्या हाडातला गर, ज्यातून रक्त तयार होतं, तो दुसऱ्याचा घालायला हवा. सख्ख्या भावंडाचा जुळला तर सगळ्यात चांगलं. त्याला रक्तगटही एक लागत नाही म्हणे, मी उगाच विचारला. माझा गर निम्मा जुळतो, पण वय झालंय म्हणाले. तोंडावर म्हणाले. तुझं हाडबिड फोडत नाहीत, मी खोदून विचारलं. एका हातातून रक्त निघतं, यंत्रात जातं, हवं तेवढं गाळून उरलेलं दुसऱ्या हातात परत. आधी जुळतं का ते तपासतात. ते तुझ्याच शहरात होईल, पत्ता मागच्या बाजूला जावयांच्या अक्षरात आहे.

मी तुला लिहितेय हे थोरलीला माहीत नाही. ती म्हणाली होती, “तिच्यापुढे पदर पसरू नकोस.” मी पसरत नाही. मी सांगतेय. जा आणि तपासून घे.

आई


९ फेब्रुवारी

धाकटे,

जुळलं.

तू गेलीस, तपासून घेतलंस आणि मला एका शब्दाने कळवलं नाहीस. इस्पितळातून फोन आला. डॉक्टर म्हणाले, पूर्ण जुळलं, असं नेहमी होत नाही. मी म्हटलं, जुळणारच, दोघींचा ताठा एकाच मापाचा आहे. फोन ठेवला आणि एका गिऱ्हाइकाचा शर्ट दोनदा इस्त्री केला.

मग थोरलीला सांगणं आलं. मला वाटलं, ओरडेल. ओरडायला अंगात ताकद लागते. ती भिंतीकडे बघत म्हणाली, “मी तिला दारातून हाकललं. आता तिच्या अंगातलं काढून घेऊ?”

“ती तपासायला गेली की नाही?”

“तुझ्या धाकाने गेली. तू सांगितलंस म्हणून मला नको. तिने मला लिहावं, स्वतःहून, की मी देते. मग घेईन.”

“अगं बये, जीव जायची वेळ आणि तुला मान सुचतोय?”

“मान नाही गं आई. तिचं रक्त माझ्या अंगात आयुष्यभर फिरणार. रागाने दिलेलं मला सोसायचं नाही.”

मी तिची चादर सारखी केली आणि खाली आले.

तर तिला लिही. माझ्या नावावर नको, तिच्या. चार मार्चला तुम्हा दोघींना इस्पितळात हजर व्हायचंय. आधी तुला तपासतील, तुझी सही घेतील, मग तिला जबर औषध सुरू करतील. त्या औषधाने तिचा स्वतःचा गर पार जळून जातो. नंतर तुझा मिळाला नाही तर तिच्याकडे काहीच उरत नाही. म्हणून तू समोर उभी असल्याशिवाय ते सुरूच करणार नाहीत. आणि फार थांबलं तर आजार परत येतो. मला समजलं ते असं.

परवा संध्याकाळी तिला ताप चढला. जावई गाडी काढायला धावले, मी जिन्यात उभी. तास-दीड तासात उतरला. एवढंच झालं. पण तेव्हापासून मी रात्रंदिवस तिच्या खोकल्याकडे कान लावून असते. मशीनच्या आवाजातूनही ऐकू येतो.

चिमणी खिडकीत बसून पोस्टमनवर पाळत ठेवते. “देते” एवढं लिहिलंस तरी पुरे. शुद्धलेखन मी तपासणार नाही, मलाच येत नाही.

आई


२१ फेब्रुवारी

तुझं पाकीट आलं.

थोरलीच्या नावाचं होतं, पत्ता छापील. मी प्रामाणिकपणे उघडलं नाही. दोन्ही बाजूंनी नीट इस्त्री फिरवली आणि चिमणीच्या हाती वर पाठवलं. जिन्याखाली उभी राहिले. काहीच ऐकू येईना. शेवटी गुडघे धरून वर गेले. थोरली कागद हातात घेऊन बसली होती. तिने तो उलटा केला, उजेडाकडे धरला, परत सुलटा केला.

“आई, तिने मला कोरा कागद पाठवलाय.”

चिमणी म्हणाली, “मावशी लिहायला विसरली का?”

नाही म्हणायचं होतं तर नाही लिहायचं होतंस. तेवढी अक्षरं तुला मी शिकवली आहेत. मरणाऱ्या बहिणीला कोरा कागद पाठवायला माणसाचं काळीज कापायच्या कात्रीचं असावं लागतं. मी असं लेकरू वाढवलं यावर माझा विश्वास बसत नाही.

थोरली “ठीक आहे” म्हणाली आणि झोपली. कालपासून चिमणीला मांडीवर घेत नाही, प्रार्थना नाही. चार तारखेला जायचं नाही म्हणते. मी देवाची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवलीय. त्यालाही कळू दे.

तू माझी मुलगी नाहीस, असं लिहिणार होते. लिहीत नाही. आहेस, आणि तेच माझ्या नशिबी आलंय.


२३ फेब्रुवारी

धाकटे, धाकटे,

परवाचं पत्र पोचलं असेल तर फाड. पोचलं नसेल तर पोचल्यावर न वाचता फाड. तू कोरा कागद पाठवलाच नव्हतास. तो मी कोरा केला.

आज सकाळी कोपऱ्यावरच्या शिंप्याने नवा कोट इस्त्रीला पाठवला. खिशापाशी निळी रेघ होती, शिंपी मापाला मारतात तशी. मी इस्त्री फिरवली आणि रेघ गेली. हे मी वर्षानुवर्षं बघतेय. त्या पेनाचं कामच ते, कापडावर खूण करायची आणि इस्त्रीने घालवायची. आणि माझी मुलगी कारखान्यात कापड कापते. दिवसभर कटिंगच्या टेबलाशी उभी. तिच्या हाताशी पेन कुठला असणार?

शिंप्याच्या कोटाची बाही जळता जळता वाचली.

वर गेले. मला वाटलं, कागद कचऱ्यात गेला असेल. तो थोरलीच्या उशीखाली होता. कोरा कागद उशीखाली घेऊन झोपली होती तुझी बहीण. मी तो उचलला. कारण मला तुझंच एक बोलणं आठवलं होतं. नवीन नोकरीत होतीस तेव्हा सांगितलं होतंस, की थंड मुलखात पाठवलेल्या कोटांवर गेलेल्या खुणा परत उगवल्या आणि मुकादम तुमच्यावर पिसाळला. उगवतात ना थंडीने? मी कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवला, मटारच्या खाली. जावई बर्फ काढायला आले.

“आई, इथे कागद कसला?”

“फ्रीजर बंद करा.”

“पण आई...”

“थंडी बाहेर जातेय, बंद करा!”

त्यांना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. फिरलंच होतं. जेवणं झाल्यावर काढला. पुसट निळं, पण उगवलं. तुझं ते उजवीकडे पडणारं अक्षर. मी वाचलं नाही. म्हणजे पहिल्या दोन ओळीच वाचल्या. बरं, सगळं वाचलं.

“ताई, तू म्हणालीस, या दारात पाय ठेवू नकोस. हॉस्पिटलचं दार तुझं नाही, तिथे मी येणार. हवं ते घे. मागू नकोस, नुसतं घे. त्या वेळी गाडी उशिरा पोचली. या वेळी आदल्या दिवशीची पकडते.”

थोरलीला नेऊन दिलं. गारेगार कागद. ती त्यावर हातही ठेवू देईना, “ऊब लागेल, परत जाईल!” असं ओरडली. ओरडली गं ती! मग हसली, मग जे व्हायचं ते झालं. चिमणीने विचारलं, “मावशी फ्रीजमध्ये होती का?” मी खाली निघून आले. मला कामं असतात.

चूक माझी. हे वाक्य मी पुन्हा लिहिणार नाही, जपून ठेव.

आता माझा जीव टांगणीला लागलाय. ते रागाचं पत्र वाटेत आहे आणि त्याला मागे बोलावता येत नाही. तुझा फोन लागत नाही. कारखान्यात केला तर मुकादम यंत्रांच्या आवाजात “सांगतो, सांगतो” म्हणाला आणि ठेवला. हे कुरिअरने पाठवतेय. देव करो आणि हे आधी पोचो. तसबीर सरळ केलीय. तो काही बोलला नाही, शहाणा आहे.

थोरली चार तारखेला जायचं म्हणते.

आई


३ मार्च

धाकटे,

मुकादमाला परत फोन केला. तू रजेवर गेलीस म्हणे. कधी येणार, माहीत नाही. कुठे गेली, माहीत नाही. “पत्र वाचलं आणि उठून गेली. डोळे लाल होते,” एवढं त्याने सांगितलं. मी विचारलं, “कुठलं पत्र? पोस्टाचं की कुरिअरचं?” तो म्हणाला, “बाई, पत्र म्हणजे पत्र.”

मग हे मी कुणाला लिहितेय? कटिंगच्या रिकाम्या टेबलाला. तरी लिहितेय, कारण हात रिकामा ठेवला की डोक्यात नको ते येतं.

थोरली बॅग भरतेय. तिच्या बॅगेतलं सगळं मी काल इस्त्री केलं, आज पुन्हा केलं. तुझं पत्र मात्र तिने माझ्या हाती लागू दिलेलं नाही.

“आई, तिने लिहिलंय, ती येणार.”

“ते तिने माझं वाचायच्या आधी लिहिलं होतं.”

“देव आहे ना.”

“देव पोस्टात नोकरीला नाही.”

“मग तू हल्ली त्याच्यापुढे एवढा वेळ का उभी असतेस?”

“इस्त्री तापत नाही लवकर. जुनी झाली.”

ती मान हलवत घड्या घालत राहिली. डोक्याला रुमाल, मनगटं काडीसारखी, आणि चेहरा असा की उद्या लग्नाला जायचंय. हा विश्वास ती कुठून आणते मला माहीत नाही. माझ्याकडून तर नाहीच. रात्रीचं जेवण तिला थोडं गेलं, मला गेलं नाही.

तू उद्या आली नाहीस तर डॉक्टर तिला परत घरी पाठवतील आणि नवी तारीख बघू म्हणतील. आजार तारखा बघत नाही.

मी तुला जे लिहिलं ते तू वाचलं असशील तर तुला न येण्याचा हक्क आहे, हे मला कळतं. पण माझ्यावरचा राग माझ्यावर काढ. मी घट्ट आहे, मला पुरेल.

ये. बाकी काही लिहीत नाही. ये.

आई


३१ मार्च

धाकटे,

हे पोस्टात टाकायचं नाही. तुझ्या खोलीच्या दाराखालून सरकवणार आहे, कारण थोरलीनेच हट्टाने तुला या घरी राहायला लावलं, तरी एका छपराखाली राहून तू माझ्याशी बोलत नाहीस.

चार तारखेला आम्ही पोचलो तर तू बाकावर बसलेली, मांडीवर बॅग, आदल्या दिवसापासून. थोरलीकडे बघितलंस. सिस्टरने सांगितलं, जवळ जाऊ नका, म्हणून दोघी दोन बाकांवर बसून रडलात. माझ्याकडे आलीस ती माझं पत्र घेऊन, रागाचं. दुसरंही वाचलं होतंस, मुकादमाने दोन्ही एकदमच दिली होती. “आई, यावरही इस्त्री फिरव,” एवढंच म्हणालीस, आणि त्यानंतर शब्द नाही.

मी घरी येऊन खरंच फिरवली. कागद कडक झाला, अक्षरं तशीच. माझा पेन साधा आहे. मग फ्रीजरमध्येही ठेवून बघितला, आता हे तुला सांगायला हरकत नाही. काही होत नाही. काळजाचं आणि कात्रीचं वाक्य जागच्या जागी आहे.

तुझ्या हातातून काढलेली ती पिशवी मी बघितली. एवढीशी, पातळ लाल. एवढ्यासाठी एवढं सगळं. सिस्टरने ती थोरलीला लावली तेव्हा तू काचेबाहेर तिच्यासमोर उभी होतीस आणि मी तुझ्यामागे. थोरली तोंड उघडून हसली. आतून तोंड सोलवटलेलं होतं तरी हसली. नंतरचे दिवस तुला माहीत आहेत, तुझेही तसेच गेले. रोज सकाळी रक्त काढायचं, रोज आकडा शून्य. ताप. पाणी गिळता येत नव्हतं. चिमणी काचेला नाक लावून देवाकडे कुरळे केस मागत होती आणि आत थोरली ओठ हलवत होती. मीही हलवत होते. तू बघितलंस, आणि बघितलं नाही असं दाखवलंस. त्याबद्दल आभार.

आज डॉक्टर म्हणाले, आकडा हलला. थोडासा, पण तुझ्या रक्ताने तिच्यात बस्तान बसवायला घेतलंय. लगेच पुढे म्हणाले, अजून काही सांगता येत नाही, तिचं अंग आणि तुझं रक्त यांची भांडणं होऊ शकतात, महिनोन्महिने जपावं लागेल. मी म्हटलं, भांडतील. भांडणाला मी भीत नाही, अबोल्याला भिते. डॉक्टरांना काही कळलं नाही.

घरी आले तर माझ्या टेबलावर तुझा शर्ट ठेवलेला. चुरगळलेला. निरोप नाही, काही नाही, नुसता ठेवून गेलीस, लहानपणी शाळेच्या दिवशी ठेवायचीस तसा. मी पसरला. खिशापाशी निळी रेघ आहे. मापाची आहे की चुकून लागलीय, मला समजेना. घालवायची की ठेवायची, हेही तू सांगितलेलं नाहीस.

विचारल्याशिवाय मी आता कशावरही इस्त्री फिरवत नाही.

इस्त्री तापलीय. शर्ट पसरलेला आहे. मी हात वर धरून थांबलेय. खाली ये आणि सांग.

आई